चरबीचा साबण: अंगासाठी एक उत्तर, केसांसाठी दुसरे

गेली तीन वर्षे आमच्या सांगलीच्या घरात अंगाला लावायचा साबण दुकानातून आलेला नाही. तो मी स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर करते आणि तो चरबीचा असतो, बोकडाच्या किंवा मेंढीच्या चरबीचा. हे मी कोणापासून लपवत नाही. पाहुणे मुक्कामाला आले की न्हाणीघरात टॉवेल ठेवतानाच सांगते की पांढरी वडी चरबीची आहे, चालत नसेल तर शेजारी दुसरी ठेवली आहे. काही जण कुतूहलाने वास घेऊन पाहतात, काही जण मुकाट्याने दुसरी वडी उचलतात. दोन्ही गोष्टी मला सारख्याच मान्य आहेत.

चरबीबद्दलची आपल्याकडची शिसारी पोकळ नाही, हे आधीच लिहून ठेवते. १८५७ मध्ये काडतुसांना लावलेल्या चरबीने काय घडवले हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९८३ मध्ये, वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याच्या प्रकरणावरून देशभर संताप उसळला आणि परदेशी चरबीची आयात बंद झाली. साबणाचे कारखाने त्यानंतर मुख्यतः पाम तेलाकडे वळले. आजही वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘सोडियम पामेट’ लिहिलेले असेल तर तो साबण पाम तेलाचा आणि ‘सोडियम टॅलोएट’ लिहिलेले असेल तर चरबीचा, एवढे वाचता आले तरी पुरे. फसवून माथी मारलेली चरबी आणि माहीत करून घेऊन निवडलेली चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरात दोन विचारांची माणसे राहत असतील तर ही निवड एकेकट्याची असली पाहिजे.

मी या वाटेला लागले ते टाचांमुळे. माझे माहेर खानापूर तालुक्यातले, कोरडवाहू भागातले. तिकडे दिवाळी सरली की वारा असा कोरडा होतो की हाताच्या पाठी पांढऱ्या पडतात आणि टाचांना भेगा पडून त्यांतून रक्त येते. लहानपणी त्यावर एकच औषध होते, कोकम तेलाचा गट्टू. नावाला तेल, पण ते मेणासारखे घट्ट असते. आई तो गट्टू पळीत घेऊन चुलीवर पातळ करायची आणि रात्री टाचांत भरायची. पुढे रसायनशास्त्राचे थोडेफार वाचन झाले तेव्हा कळले की कोकम तेलात निम्म्याहून अधिक भाग स्टिअरिक आम्लाचा (तेल-चरबी ज्या मेदाम्लांची बनते त्यांतले हे एक) असतो, म्हणूनच ते थंडीत दगडासारखे होते. मेंढीच्या चरबीतही हेच आम्ल भरपूर असते. साधारण पाव हिस्सा पामिटिक, तितकेच किंवा थोडे अधिक स्टिअरिक आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ओलिक, अशी तिची घडण असते. खोबरेल तेलाची घडण अगदी निराळी, कारण त्याचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. लॉरिकचा साबण भरभरून फेस देतो, मळ झटकन काढतो आणि त्याच झपाट्याने कातडीचा स्निग्धांशही ओढून नेतो. स्टिअरिक आणि पामिटिकचा साबण कठीण होतो, पाण्यात लवकर झिजत नाही, त्याचा फेस बारीक आणि सायीसारखा दाट असतो, आणि तो कातडीशी सौम्यपणे वागतो. कोरड्या कातडीला चरबीचा साबण मानवतो त्याचे खरे कारण एवढेच आहे.

चरबी मिळवणे अवघड नाही, ती निवडणे महत्त्वाचे आहे. आपल्या राज्यात गोवंशाच्या हत्येला बंदी आहे, त्यामुळे परदेशी कृतींमध्ये गृहीत धरलेली गाईबैलाची चरबी आपल्याकडे बाजूलाच राहते आणि बोकडाची किंवा मेंढीची घ्यावी लागते. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग मेंढरांचाच आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी तर तिच्या उंच अंगासाठी आणि बाकदार नाकासाठी ओळखली जाते. आमच्या नेहमीच्या खाटीक मामांकडे मी पहिल्यांदा दोन किलो चरबी मागितली तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, एवढी चरबी कशाला? दिवे लावायचेत का?” साबणाचे सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून गुर्द्याभोवतीची चरबी वेगळी काढून दिली. ती पांढरीशुभ्र, कोरडी आणि हाताने चुरता येईल अशी असते. अंगावरची, मांसाला चिकटलेली चरबी मऊ असते, तिच्यात रक्त आणि पडदे राहतात आणि साबणाला वास येतो तो बहुतेक तिथूनच.

कढवण्याचे काम लोण्याचे तूप करण्यासारखे आहे, फक्त घाई केलेली चालत नाही. चरबी बारीक चिरून जाड बुडाच्या पातेल्यात घालते, ती बुडेल इतके पाणी आणि दोन चमचे मीठ टाकते आणि मंद आचेवर दोन-तीन तास ठेवते. मग गाळून रात्रभर स्थिर ठेवले की सकाळी वर पांढरी जाड वडी धरलेली असते आणि खाली पिवळट, गढूळ पाणी उरते. वडी उचलून तिच्या तळाचा तपकिरी थर सुरीने खरवडते आणि पुन्हा नवे पाणी, नवे मीठ घालून तेच करते. असे तीन वेळा केले की वास इतका कमी होतो की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. मटणाचा तो खास उग्र वास काही विशिष्ट मेदाम्लांचा असतो आणि बोकडाच्या चरबीत तो जास्त असतो, म्हणून मिळाली तर मी मेंढीचीच घेते. दीड किलो कच्च्या चरबीतून माझ्या हाती साधारण किलोभर शुद्ध चरबी येते. शेवटी तिला कढ देऊन पाण्याचा अंश पूर्ण उडवावा लागतो, नाहीतर आठवड्यात बुरशी येते.

आता कॉस्टिक सोड्याबद्दल, म्हणजे चरबीचा साबण करणाऱ्या तीव्र क्षाराबद्दल, आणि इथे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण चूक झाली तर इजा होते ती याच ठिकाणी. प्रत्येक तेलाला किंवा चरबीला साबण होण्यासाठी लागणारा सोडा ठरलेला असतो आणि तो अंदाजाने घालता येत नाही. मेंढीच्या चरबीला दर ग्रॅममागे ०.१३८ ग्रॅम, खोबरेलाला ०.१८३ आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम असा तो हिशेब आहे. गाईच्या चरबीचा आकडा किंचित जास्त असतो, त्यामुळे परदेशी कृतीतले सोड्याचे प्रमाण जसेच्या तसे उचलू नये. माझी नेहमीची एक किलोची घाणी, म्हणजे एका खेपेचा साबण, अशी असते: मेंढीची चरबी ६५० ग्रॅम, खोबरेल २५० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, सोडा १४० ग्रॅम आणि पाणी ३०० ग्रॅम. हिशेबाने सोडा १४८ ग्रॅम लागला असता. तो मुद्दाम थोडा कमी घेतला की पाच टक्क्यांच्या आसपास चरबी साबण न होता वडीत तशीच राहते आणि मोकळा सोडा उरत नाही. पाणीसुद्धा मापाने नव्हे, वजनाने घ्यायचे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा नसेल तर या कामाला हात घालू नये.

सोडा नेहमी पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही, कारण ते उसळून तोंडावर येते. सोडा पडताच पाणी आपोआप ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापते आणि घशाला झोंबणारी वाफ सुटते, म्हणून हे काम मी अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करते. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे घ्यावे. जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, पातेले अजिबात नको, कारण सोडा त्या धातूला खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. दुसऱ्या घाणीच्या वेळी माझ्या ओल्या मनगटावर सोड्याचा एक दाणा पडला, तो मला दिसला नाही आणि जाणवला तेव्हा तिथे तांदळाएवढी जखम झालेली होती. तिचा पांढरा डाग अजून आहे. अशा वेळी लिंबू किंवा व्हिनेगर चोळायचे नसते, नळाखाली पंधरा-वीस मिनिटे भरपूर पाणी सोडायचे असते. घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावर किंवा शाळेत गेल्यावरच हे काम काढावे आणि सोड्याचा डबा कुलपात ठेवावा.

पुढचे सोपे आहे. चरबी-तेलाचे मिश्रण आणि सोड्याचे पाणी दोन्ही पन्नास अंशांच्या आसपास आले की एकत्र करून ढवळायचे. चमच्याने ओढलेली रेघ वर उमटून राहू लागली की साच्यात ओतायचे, दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि त्या सुटसुटीत मांडून निदान सहा आठवडे मुरू द्यायच्या. सोड्याची क्रिया पहिल्या काही दिवसांतच संपते, पण पाणी उडून वडी घट्ट व्हायला आणि तिचा तिखटपणा निवायला वेळ लागतो. पावसाळ्यात मी घाणी लावत नाही. साबण होताना चरबीतूनच ग्लिसरीन तयार होते, किलोमागे सुमारे शंभर ग्रॅम. कारखाने ते बहुधा वेगळे काढून विकतात, घरच्या वडीत ते तसेच राहते आणि हवेतला ओलावा ओढते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वड्यांना घाम फुटल्यासारखे थेंब येतात. ते धुऊन जातात, साबण बिघडत नाही, पण वडी मऊ राहते आणि लवकर संपते. दसऱ्यानंतरची हवा या कामाला सर्वांत चांगली.

अंगासाठी या साबणाचा माझा अनुभव उत्तम आहे. आंघोळीनंतर कातडी ताणल्यासारखी होत नाही, हिवाळ्यात पोटऱ्यांवर पडणारे खवले जवळजवळ गेले आणि टाचांना आता आठवड्यातून दोनदाच कोकम तेल लावावे लागते. तरीही या साबणाच्या नावावर जे दावे केले जातात त्यांतले बरेचसे मला पटत नाहीत. चरबीत अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे असतात म्हणून साबणाने कातडीचे पोषण होते, असे सांगितले जाते. तीन वेळा कढवलेल्या, सोड्याशी झुंजलेल्या आणि अर्ध्या मिनिटात पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या पदार्थाकडून पोषणाची अपेक्षा कशी धरायची? साबणाचे काम धुण्याचे आहे. तो धुताना कमी ओरबाडतो, हाच त्याचा गुण आणि तो पुरेसा मोठा आहे. दुसरे असे की कोणताही खरा साबण, चरबीचा असो की खोबरेलाचा, अल्कधर्मीच असतो. त्याचा सामू (पीएच) नऊ ते दहाच्या दरम्यान असतो आणि आपल्या कातडीचा पाचच्या आसपास. निरोगी कातडी काही तासांत आपला सामू परत मिळवते. इसब, सोरायसिस किंवा सतत फुटणारी कातडी असेल तर मात्र तिला हे जमत नाही आणि अशा माणसाने घरगुती वडीच्या नादी न लागता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. तान्ह्या बाळाला मी हा साबण लावू देत नाही आणि चेहऱ्याला मी स्वतः दिवसातून एकदाच लावते.

केसांचे प्रकरण वेगळे आहे आणि ते समजायला मला वर्ष लागले. सांगलीत मी याच वडीने केस धुवायला सुरुवात केली तेव्हा पहिले दोन आठवडे केस जड वाटले, मग बरे वाटू लागले आणि मी मैत्रिणींना मोठ्या खात्रीने वड्या वाटल्या. त्या दिवाळीत माहेरी गेले आणि तिथल्या बोअरच्या पाण्याने, त्याच वडीने, त्याच पद्धतीने न्हाले. केस वाळल्यावर त्यांना मेणबत्ती चोळल्यासारखा चिकटा आला, फणीच्या दातांत करडा पांढुरका थर जमला आणि मुळापाशी केस एकमेकांना धरून बसले. पुन्हा साबण लावला तर आणखी वाढले. वड्या दिलेल्या दोन मैत्रिणींकडूनही हीच तक्रार आली. त्या दोघीही बोअरवर अवलंबून असलेल्या वसाहतींत राहणाऱ्या, आणि मला त्यांची माफी मागावी लागली.

दोष वडीचा नव्हता, पाण्याचा होता. दुष्फेन पाणी म्हणून आपण शाळेत शिकलो, गावात त्याला जड पाणी म्हणतात. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतात आणि पाण्यात न विरघळणारा चोथा तयार करतात. बादलीच्या कडेला जमणारी करडी रेघ ती हीच. अंगावरून तो चोथा हाताने चोळून निघून जातो, पण केसांच्या हजारो धाग्यांत तो अडकतो आणि स्टिअरिक-पामिटिकचा चोथा तर मेणासारखाच असतो. म्हणजे अंगाला मानवणारा जो गुण, तोच जड पाण्यात केसांना बाधतो. आमच्या भागात नळाला कृष्णेचे पाणी येते, ते बोअरच्या मानाने खूप मृदू आहे, म्हणून मला सुरुवातीला काही कळले नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरी सोय नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा अशी ठेवली आहे. म्हणजे जे पाणी प्यायला नियमात बसते, तेच साबणाने केस धुवायला निरुपयोगी असू शकते.

आपले पाणी कसे आहे हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्यावे, चरबीच्या वडीचा नखाएवढा कीस टाकावा आणि जोरात हलवावे. वर टिकणारा फेस आणि खाली जवळपास निवळ पाणी दिसले तर केसांना लावून पाहायला हरकत नाही. फेस न होता दुधाळ पाण्यात फाटलेल्या दुधासारखे कण तरंगले तर डोक्याला हा साबण लावू नये. हा प्रयोग शाम्पूने होत नाही, कारण शाम्पूतली द्रव्ये वेगळ्या जातीची असतात आणि जड पाण्यातही फेसाळतात.

सुफेन पाणी असले तरी साबणाने धुतलेल्या केसांना शेवटचे पाणी आंबट हवे. मी लिटरभर पाण्यात अर्धे लिंबू गाळून पिळते, केसांवरून ओतते आणि मिनिटभराने साध्या पाण्याने धुते. साबणाच्या अल्कधर्मीपणाने केसांवरचे खवले उघडतात, केस खरखरीत होतात आणि गुंततात. आंबट पाण्याने ते पुन्हा मिटतात आणि थोडाबहुत चोथा असेल तर तोही सुटतो. रंगवलेल्या केसांना मात्र हा साबण लावू नये, रंग भराभर उतरतो.

या सगळ्या खटाटोपात मला आजीच्या शिकेकाईचा अर्थ लागला. आमच्या गावात विहिरींचे पाणी जड, आणि बायका कपड्यांना साबण लावत असल्या तरी डोक्याला शिकेकाई किंवा रिठाच वापरत. मला वाटायचे की ती गरिबी किंवा सवय असावी. शिकेकाई आणि रिठ्यातला फेस सॅपोनिन या वनस्पतीतल्याच फेसाळ द्रव्याचा असतो. सॅपोनिन कॅल्शियमशी चोथा करत नाही, आणि शिकेकाईचा काढा मुळातच किंचित आंबट असतो, त्यामुळे धुणे आणि आंबट पाणी ही दोन्ही कामे एकाच वाटीत होतात. आजीला हे शब्द माहीत नव्हते, पण तिच्या विहिरीला काय चालते हे तिला पक्के ठाऊक होते. मी स्वतः आता आठवड्यातून एकदा वडीने आणि एकदा शिकेकाईने केस धुते, आणि माहेरी गेले की फक्त शिकेकाईने.

आमच्या सासूबाई माळकरी आहेत. मी पहिली चरबी कढवली त्या दिवशी त्यांनी काही म्हटले नाही, पण दोन दिवस मागच्या ओट्याकडे फिरकल्या नाहीत. तेव्हापासून चरबीचे पातेले, पळी आणि साचा मी पूर्ण वेगळा ठेवला आणि कढवायचे काम अंगणातल्या शेगडीवर नेले. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याही पोटऱ्या फुटू लागल्या तेव्हा मी कोकम तेल, खोबरेल आणि एरंडेल घेऊन सोड्याचा हिशेब नव्याने मांडला आणि एक घाणी त्यांच्यासाठी केली. कोकम तेल चरबीपेक्षा बरेच महाग पडते आणि मिश्रण फार लवकर घट्ट होते, त्यामुळे साच्यात ओतताना धांदल उडते. वडी मात्र चरबीच्या तोडीची झाली, किंबहुना थोडी अधिकच कठीण. “ही माझी ना?” एवढे विचारून त्यांनी ती घेतली आणि देवघराशेजारच्या कपाटात ठेवली. शाकाहारी घरात चरबीच्या साबणाची उणीव भासू नये इतका कोकमाचा साबण चांगला आहे, असे माझे मत झाले आहे, आणि ज्यांना चरबी नको त्यांना मी तोच करायला सांगते.

यंदाची पहिली घाणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लावली. वड्या अजून मुरत आहेत. माहेरच्या काकांचा निरोप आला आहे की टाचा उलू लागल्या, साबण कधी पाठवतेस. सहा आठवडे पुरे झाले की आठ वड्या जुन्या सुती कापडात गुंडाळून एसटीने पाठवीन आणि वर दोऱ्याने चिठ्ठी बांधीन: “फक्त अंगाला लावणे. डोक्याला लावू नये, बोअरचे पाणी आहे.”